बापाच्या मागे बापाचे कागद
(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय अशुभ आहे, सभेत काढू नका, असे दोघा-तिघांनी आम्हांस वाटेतच बजावले. जित्या माणसाच्या मरणाची गोष्ट काढली तर ती खरी होते, असा आपल्याकडे समज आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ही गोष्ट न काढताही ती खरी होतेच, आणि मग घरातली रडारड थांबण्यापूर्वी भाऊबंदकी सुरू होते. सबब आज मनात किंतु न धरता दोन घटका आमचे ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

आपल्यापैकी किती जणांच्या सातबाऱ्यावर मयत माणसाचे नाव आहे? हात वर करा असे आम्ही म्हणत नाही. खाली राहिलेले हात मोजणेच सोपे जाईल. हा रोग एका गावचा नव्हे. २०२५ साली सरकारला ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम राज्यभर काढावी लागली, ती याचसाठी, की मेलेल्या खातेदारांची नावे उतरावी आणि वारसांची चढावी. आमच्या पणज्यांच्या काळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या बगलेत असे आणि त्यात काय लिहिले हे कुणब्याला कळण्याचा मार्ग नव्हता. शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले, त्यामागे हेच दुखणे होते. आज तोच उतारा घरबसल्या मोबाईलवर दिसतो. तरी मोबाईलवर तमाशा पाहणारे आमचे तरुण बंधू आपल्याच शेताचा उतारा पाहात नाहीत, याला काय म्हणावे?

आमच्या पाहण्यातले एक घर सांगतो. नावगाव सांगत नाही. आजा १९६८ साली वारला. खाते नऊ एकरांचे. मागे तीन मुलगे, दोन मुली. थोरल्याचे नाव ‘ए. कु. क.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता, म्हणून लागले. इतरांचे कोणाचेच लागले नाही. भाऊ एकमेकांच्या शब्दावर कसत राहिले आणि तोंडी वाटणीत बांधावरून कधी वाद झाला नाही, हे त्यांचे भूषणच. पुढे तिघेही गेले. मग रस्त्यासाठी दीड एकर जमीन घेतली गेली, ती नेमकी धाकट्याच्या वाट्यातली, आणि मोबदल्याची नोटीस आली थोरल्याच्या नावे, जो मरून अकरा वर्षे झाली होती. थोरल्याची मुले म्हणाली, नाव आमच्या बापाचे, पैसा आमचा. बाकीच्यांनी हरकत घेतली. वारस मोजले तेव्हा तेवीस निघाले; त्यांतला एक सुरतेस, दोघे पुण्यास, एकीचा पत्ताच नाही. रक्कम न्यायालयात जाऊन पडली आहे. धाकट्याची विधवा, जिच्या पायाखालची जमीन गेली, ती आज दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाते. तिचा नवरा मेला त्या वर्षी तिने अगर तिच्या दिराने एक अर्ज दिला असता तर ही पाळी येती ना. अर्जास पैसाही पडत नाही.

तेव्हा घरात मरण झाले म्हणजे काय करावे, हे क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी. माणूस इस्पितळात वारला तर नोंद त्या गावी किंवा शहरी होते, आपल्या गावी नव्हे. हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ मंडळी हेलपाटे घालतात. वर्ष उलटले म्हणजे दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणावा लागतो. दाखल्यावरील नाव सातबाऱ्यावरील नावाशी ताडून पाहावे. एकीकडे ‘गणू’ आणि दुसरीकडे ‘गणपत’ असले तर ते दोन इसम ठरतात, आणि पुढची दोन वर्षे एकच इसम असल्याची प्रतिज्ञापत्रे करीत बसावे लागते.

मरण अपघाताने आले असेल, म्हणजे वीज पडून, साप चावून, विहिरीत बुडून, तर शेतकऱ्याच्या घरास अपघाताची सरकारी मदत आहे. २०२३ पासून ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत मिळते. मृत्यूस २ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यावयाचा असतो, आणि पोलिसांचा पंचनामा व शवचिकित्सा झालेली असावी लागते. साप चावलेल्या माणसाला घाईने गुपचूप दहन करून मागाहून कागद मागणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांना कोण काय देणार?

दुसरी गोष्ट सावकाराची. तो दहाव्याला येतो. दुःखवटा म्हणून येतो, चार माणसांत बसतो, आणि उठताना पोराला बाजूस घेऊन म्हणतो, “तुझ्या बापाचे माझ्याकडे इतके इतके आहेत, तेवढी या कागदावर सही कर म्हणजे मयताचा आत्मा मोकळा होईल.” बंधूंनो, ती सही करू नका. कायदा असा आहे की, मयताचे कर्ज त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फेडावयाचे. वारसाच्या हाती जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. त्याच्या स्वतःच्या कमाईवर ते कर्ज चढत नाही. परंतु त्याने नवा कागद लिहून दिला, की कर्ज बापाचे राहात नाही, त्याचे स्वतःचे होते. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जास मुलगा आधीपासूनच सहकर्जदार किंवा जामीन असेल तर गोष्ट निराळी. खरे कर्ज बुडवा, असे आम्ही म्हणत नाही. हिशेब मागा, कागद पाहा, आणि उत्तर द्यायला तेराव्यानंतरचा दिवस द्या. त्या तेराव्याच्या जेवणावळीसाठी आणखी कर्ज काढणाऱ्यांस आम्ही काय सांगावे? गाव जेवून जाते, आणि वारस नोंदीच्या कामाला जाण्यास एस.टी.चे भाडे उरत नाही.

तिसरी गोष्ट वारस नोंदीची. वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी, असे जमीन महसूल कायद्यात आहे. वर्दी तलाठ्याकडे द्यावयाची. सरकार त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणते, गाव अजून तलाठीच म्हणते. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र. अर्जाची पोच घ्यावी. ‘अण्णा, बघतो’ ही पोच नव्हे. फेरफार लिहिला गेल्यावर नोटीस निघते, हरकतीस १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी चौकशी करून नोंद मंजूर करतो. मंजुरीनंतर उतारा काढून नावे वाचून पाहावीत. सगळी आली का? कोणी गळले का? येथेच मेख आहे, आणि येथेच आम्हांस थोडे थांबावयाचे आहे.

आम्ही मास्तर पडलो, तेव्हा पाटीवरचे एक गणित घातल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. एका शेतकऱ्याने स्वतःच्या कष्टाने ५ एकर, म्हणजे २०० गुंठे, जमीन खरेदी घेतली. मृत्युपत्र न करता तो वारला. मागे म्हातारी आई, बायको, दोन मुलगे आणि लग्न होऊन नांदत असलेली एक मुलगी. वाटे किती? चावडीवर विचारले तर उत्तर येते, दोन. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे उत्तर आहे, पाच. आई ४० गुंठे, बायको ४०, प्रत्येक मुलगा ४०, मुलगी ४०. सर्वांचा हक्क सारखा. मयताचा बाप जिवंत असता तर त्याला यात वाटा नसता. आईला मात्र आहे. वारसांच्या यादीत आईचे नाव घालणारी घरे आम्ही बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. म्हातारीला काय कळते, असे म्हणून तिला वगळतात.

गणित येथे संपत नाही. समजा चार वर्षांनी ती म्हातारीही वारली. तिचे ४० गुंठे कोणाचे? तिला हा मयत मुलगा धरून तीन अपत्ये होती: हा, एक धाकटा मुलगा आणि एक मुलगी. तिने मृत्युपत्र केले नसेल तर तिच्या ४० गुंठ्यांचे तीन भाग होतात. एक भाग मयत मुलाच्या मुलांना, एक धाकट्या मुलाला, एक मुलीला. प्रत्येकी सव्वातेरा गुंठ्यांहून किंचित अधिक. म्हणजे ज्या चुलत्याचा या जमिनीशी काडीचा संबंध नव्हता तो चुलता आणि ती आत्या, दोघेही कायद्याने हिस्सेदार झाली. यात त्यांचे काही चुकले नाही. पण म्हातारी ज्या नातवाच्या घरी राहिली, ज्या सुनेने तिचे हगणेमुतणे काढले, त्या सुनेला या ४० गुंठ्यांत काहीच मिळाले नाही. म्हातारीने हयातीत एक कागद केला असता तर तिच्या मनाप्रमाणे झाले असते. मृत्युपत्र हे फक्त पुरुषाने करावयाचे असते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे गणित घरी जाऊन पुन्हा सोडवावे.

वडिलोपार्जित जमिनीचा हिशेब याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे मुलामुलींचा हक्क जन्मापासूनचा. आधी मयताचा स्वतःचा हिस्सा वेगळा काढावा लागतो आणि मग त्याचे असे वाटे पडतात. लेकींचा हा जन्महक्क महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने आला. त्या वेळी आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर, लग्न झालेल्या-न झालेल्या सर्व मुलींना मिळाला. बाप त्या तारखेला जिवंत होता की नव्हता, यावर तंटे चालत. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बाप त्या दिवशी जिवंत असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

यावर भाऊ म्हणतात, “मास्तर, बहिणीच्या लग्नात आम्ही दोन एकर गहाण टाकली, आता आणखी वाटा कशाचा?” हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. कर्जात रुतलेल्या भावाचे दुःख आम्हांस ठाऊक आहे. पण त्याला उत्तर म्हणून जे चालते ते आम्हांस पसंत नाही. दहाव्याला बहीण माहेरी येते, डोळे पुसते, आणि दुसऱ्या दिवशी तिला साडीचोळी नेसवून गाडीत घालून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतात. कशावर सही करते हे तिला कोणी वाचून दाखवीत नाही. माहेर तुटेल या धाकाने ती करते. हक्कसोडपत्र बहिणीने समजून-उमजून, आपखुशीने केले तर ते तिच्या अधिकारातले आहे. आमच्या गावातल्या दोन-तीन बहिणींनी भावाची ओढग्रस्त पाहून तसे केलेही. परंतु ते नोंदलेले दस्त आहे, एकदा झाले की सहजी फिरत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की, आधी सर्वांची नावे लावा, वर्ष जाऊ द्या, आणि मग बहिणीला विचारा. तोवर तिच्या नावामुळे कोणाचे पीक जळत नाही.

दुसऱ्या घरची लेकरे हाही गावोगावचा प्रश्न आहे. पहिली बायको असता दुसरी केली तर ती दुसरी कायद्याने वारस होत नाही, पण तिची मुले बापाच्या वाट्यात हक्कदार आहेत. त्यांना यादीतून गाळून नोंद करणे म्हणजे पुढच्या दाव्याचे बी पेरणे. आमच्या मुसलमान बंधूंचा वारसा कायदा निराळा आहे. तेथे मुलीला मुलाच्या निम्मे मिळते आणि मृत्युपत्राने सहसा एकतृतीयांशच देता येते. त्यांनी आपल्या जाणत्यास विचारावे.

आता कारागीर बंधूंविषयी. त्यांस वाटते की, आपल्याला सातबारा नाही, तेव्हा हे व्याख्यान आपल्यासाठी नव्हे. पण सुताराचा रंधा, लोहाराचा भाता आणि ऐरण, शिंप्याचे यंत्र, गावठाणातले घर, पतपेढीतली ठेव ही सारी मिळकतच आहे. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये असते. २०२० च्या स्वामित्व योजनेत जेथे गावठाणाची मोजणी झाली तेथे मिळकत पत्रिकाही मिळते. दोन्हीकडे नाव बदलून घ्यावे. आणि उधारी! लोहार मेला की त्याची उधारी मेली, असे गाव समजते. विळे शेवटून नेलेला, फाळ नेलेला, बैलगाडीची धाव चढवून नेलेला शेतकरी त्याच्या विधवेसमोरून मान खाली घालून जातो. ती उधारी मयताची मालमत्ता आहे आणि तिच्यावर त्याच्या वारसांचा हक्क आहे. पण वही पाहिजे. भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा दिवाळीच्या सारवणात जातात.

बँकेच्या पैशाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. खात्यास नामनिर्देशन केले म्हणजे पैसा त्या माणसाचा झाला, असे नव्हे. बँक त्याच्या हाती रक्कम देऊन मोकळी होते. तो ती सर्व वारसांकरिता धरून असतो. विम्याचे थोडे निराळे: २०१५ पासून नवरा, बायको, मुले किंवा आईबाप यांचे नाव घातले असेल तर रक्कम त्यांचीच समजतात. नामनिर्देशन मुळीच नसले आणि रक्कम मोठी असली तर दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणावे लागते, त्यात महिने जातात. तेव्हा उद्याच बँकेत, सोसायटीत, साखर कारखान्याच्या भागावर नाव कोणाचे आहे ते पाहून या. लग्नाआधी काढलेल्या खात्यावर अजून मेलेल्या आजीचे नाव असलेले आम्ही पाहिले आहे.

हे सारे मरणानंतरचे. पण शहाणपण आधीचे. मृत्युपत्र म्हटले की आपले लोक समजतात, मुद्रांक पाहिजे, वकील पाहिजे, हजारो रुपये पाहिजेत. तसे काही नाही. साधा कोरा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. लिहिणाऱ्याचे डोके ठिकाणावर असावे, त्याने सही किंवा अंगठा करावा, तो दोन साक्षीदारांनी पाहिलेला असावा आणि त्यांनीही सह्या कराव्यात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात एवढेच सांगितले आहे. ज्याला मिळकत मिळणार त्यालाच साक्षीदार करू नये, आणि साक्षीदार वयाने आपल्याहून लहान असावेत. नाहीतर ते आपल्या आधी जातात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. मागाहून ‘अंगठा खोटा’ म्हणणाऱ्याचे तोंड बंद होण्यास तिचा उपयोग होतो. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्श्यापुरते लिहिता येते, सबंध जमिनीचे नव्हे. मन बदलले तर मृत्युपत्र बदलता येते. शेवटचे असते ते खरे.

एक धोका सांगतो. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मृत्युपत्र मेल्यानंतर लागू होते. बक्षीसपत्राने जमीन आजच गेली. पोरे म्हाताऱ्याला सांगतात, एकच कागद आहे, अंगठा करा. म्हाताऱ्या मंडळींनो, आपल्या हयातीत आपला वाटा कोणाच्या नावे करू नका. केलाच तर सांभाळ करण्याची अट त्या कागदात लिहून घ्या. अट लिहिलेली असून सांभाळ झाला नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडून तो कागद रद्द करून घेता येतो. अट नसली तर झगडणे फार कठीण.

आपल्यात मृत्युपत्राची चाल नाही, असे कोणी म्हणेल, त्यास जोतीराव फुल्यांचे उदाहरण सांगतो. त्यांनी १८८७ च्या जुलैत, अंगात ताकद होती तेव्हाच, आपले मृत्युपत्र केले. पुढच्या वर्षी त्यांना पक्षाघात झाला. पोटी मूल नव्हते; यशवंत दत्तक. त्यास वारस नेमून, तो लायक न निघाल्यास काय करावे, हेही त्यांनी लिहून ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले तेव्हा टिटवे कोणी धरावे यावरून भाऊबंदांनी हरकत घेतलीच, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या. घरच्या माणसांचे स्वभाव जोतीरावांनी ओळखले होते आणि म्हणून तीन वर्षे आधी कागद केला होता. आपल्या भाऊबंदांचे स्वभाव आपणांसही काही कमी ठाऊक नाहीत.

आता कामाचे सांगून आम्ही खाली बसतो. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा आम्ही शाळेच्या पडवीत बसू. ज्यांच्या घरचे नाव अजून लागलेले नाही त्यांनी मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ चा उतारा, आणि घरातील सर्व माणसांची नावे, सासरी गेलेल्या लेकी धरून, कागदावर लिहून आणावीत. अर्ज आम्ही लिहून देऊ, त्याचे काही घेत नाही. वाद असेल तेथे वकिलाकडे पाठवू. तो आमचा प्रांत नव्हे. येताना घरातल्या म्हातारीला आणि बायकोला बरोबर आणा. त्यांच्या नावचा अर्ज त्यांच्यासमोर वाचून दाखवल्याशिवाय आम्ही त्यावर कोणाचा अंगठा घेणार नाही.